खायचा नाही तर धरायचा कशाला?

एक प्रश्न तुमच्यापुढे ठेवतो. तुम्ही मासे खाणारे असा की न खाणारे, फरक पडत नाही. उलट माझा अनुभव असा की हा प्रश्न मासे खाणाऱ्यांनाच जास्त टोचतो.

जूनमध्ये आई भारतातून आली होती. आमचं गाव कुडाळजवळ, त्यामुळे मासा हा तिच्यासाठी रोजचा विषय. एका शनिवारी तिला घेऊन न्यू जर्सीच्या वायव्य कोपऱ्यात, डेलावेअर वॉटर गॅपमधल्या व्हॅन कॅम्पेन्स ब्रुकवर गेलो. ब्रुक म्हणजे आपल्याकडचा ओढाच. हेमलॉकच्या सावलीतून वाहतो, आणि पाणी असं की तळातले खडे मोजून घ्यावेत. खिशात मासेमारीचं लायसन्स, त्यावर ट्राउटचा वेगळा स्टॅम्प. सगळं रीतसर.

ज्यांनी हा प्रकार पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. काठी टोकाला काडीसारखी बारीक, वजनाला जवळजवळ नाहीच. दोरीचं शेवटचं टोक एक दशांश मिलिमीटर जाडीचं. त्याला बांधलेली माशी, म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढ्या गळावर दोरा, पीस आणि हरणाचे केस गुंडाळून केलेला खोटा किडा. तो पाण्यावर तरंगत सोडायचा. ओढ्यातले छोटे ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून वरून वाहत येणारे किडे टिपत असतात. पाणी स्वच्छ असल्यामुळे सगळं दिसतं. मासा तळातून सुटतो, वर येतो, खोट्या माशीच्या खाली क्षणभर थांबून तिला न्याहाळतो. बहुतेक वेळा वळून निघून जातो. कधीतरी तोंड उघडतो. सोमवार ते शुक्रवार मीटिंगांमध्ये घालवलेल्या माणसाला त्या क्षणात काय मिळतं हे मी नीट सांगू शकणार नाही, पण त्यासाठी मी दीड तास गाडी चालवतो.

त्या दिवशी सात इंचांचा ब्रुक ट्राउट लागला. न्यू जर्सीचा मूळचा ट्राउट हा एवढाच. बाकीचे बाहेरून आणलेले. अंगावर निळ्या कड्यांतले लाल ठिपके, पोट नारिंगी, परांना पांढरी किनार. मी हात ओले केले, पाण्यातच गळ काढला आणि मासा सोडून दिला. आई दगडावर बसून चहा पीत होती. म्हणाली, "खावचो नाय तर धरतस कित्याक?"

मी हसलो. ती हसली नाही.

हसलो, कारण उत्तर माझ्याकडे तयार होतं. राज्याच्या या भागात २०१८ पासून ब्रुक ट्राउट ठेवायला कायद्यानेच बंदी आहे. लागला तर लगेच सोडायचा. शिवाय लायसन्सचे पैसे आणि १९५० च्या डिंगेल-जॉन्सन कायद्याखाली काठी-गळांवर बसणारा कर, दोन्ही माशांच्या आणि ओढ्यांच्या कामावर खर्च होतात. इथे येणाऱ्या प्रत्येकाने दोन-दोन मासे घरी नेले असते तर चार उन्हाळ्यांत ओढा रिकामा झाला असता. मासे धरून सोडणारे हौशी लोक नसते तर हे पाणी राखायला कोण भांडलं असतं? हे मी आईला समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ता सगळा खरा. पण त्या माशाक काय?"

खरी अडचण इथेच आहे. मी जातीच्या वतीने बोलत होतो, आई त्या एका माशाबद्दल विचारत होती.

गंमत अशी की आईचं म्हणणं हा युरोपात काही ठिकाणी कायदा आहे. जर्मनीचा १९७२ चा प्राणिसंरक्षण कायदा म्हणतो की सबळ कारणाशिवाय प्राण्याला वेदना देता येणार नाही. खाण्यासाठी मासा धरणं हे कारण आहे, निव्वळ खेळून सोडून देण्यासाठी धरणं हे कारण मानलं जात नाही. स्वित्झर्लंडमध्ये तर २००९ पासून सोडून देण्याच्या इराद्याने मासेमारी करायलाच मनाई आहे. म्हणजे न्यू जर्सीत मी त्या माशाशी खेळू शकतो पण खाऊ शकत नाही, आणि तिकडे खाऊ शकतो पण खेळू शकत नाही. दोन्ही कायदे माशाच्या भल्यासाठी. एक संख्या बघतो, दुसरा जीव.

माशाला दुखतं का, हा वाद अजून मिटलेला नाही. लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली एडिंबराजवळ रेनबो ट्राउटच्या ओठांत मधमाशीचं विष आणि सौम्य ॲसिड टोचून पाहिलं. मासे डोलू लागले, काहींनी ओठ तळाच्या खडीवर घासले, आणि कित्येक तास खाणं टाळलं. उलट बाजूचे शास्त्रज्ञ म्हणतात की वेदना जाणवण्यासाठी मेंदूचा जो भाग लागतो तो माशात नाहीच. मी बरीच वर्षं दुसऱ्या बाजूचा होतो. सोयीचं होतं म्हणून, हे आता कबूल करतो.

आईला न सांगितलेली एक गोष्ट तुम्हाला सांगतो. दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये याच ओढ्यात, याच बारीक दोरीवर एक मोठा ब्राउन ट्राउट लागला. पंधरा इंचांचा तरी असेल. (ही जात १८८३ साली जर्मनीहून आणलेली. तिच्या मूळ देशात मला हा खेळ करता आला नसता.) दोरी तुटू नये म्हणून त्याला ओढता येईना. मग मी त्याला दमवत राहिलो. सहा-सात मिनिटं. हलकं सामान म्हणजे माशाला न्याय, त्यालाही सुटायची संधी, असं आम्ही हौशी लोक एकमेकांना सांगतो. इंचभर कमी-जास्त माशांपुरतं ते ठीक आहे, ते अर्ध्या मिनिटात हातात येतात. मोठ्या माशाला बारीक दोरी म्हणजे फक्त लांबलेली दमछाक. वर मी त्याला पाण्याबाहेर धरून फोटो काढला. पहिला हलला, दुसरा काढला. सोडला तेव्हा तो उताणा झाला. मी त्याला सरळ धरून बसलो, कल्ले थोडे हलले, मग प्रवाह त्याला घेऊन गेला. फोटो मी फॅमिली ग्रुपवर टाकला. सगळ्यांनी बदाम पाठवले.

नंतर वाचनात आलं की कॅनडातल्या एका प्रयोगात, १९९२ साली, पूर्ण दमवलेल्या रेनबो ट्राउटपैकी पाण्यातच ठेवलेले १२ टक्के मेले, अर्धा मिनिट हवेत धरलेले ३८ टक्के आणि एक मिनिट धरलेले ७२ टक्के. दोन फोटोंना किती वेळ लागला असेल याचा हिशोब मी केला आहे.

हा शौक गोऱ्यांचाच, असंही म्हणायची सोय नाही. कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वराच्या बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लासा'त राजाच्या करमणुकींमध्ये 'मत्स्यविनोद' असं स्वतंत्र प्रकरण आहे. कोणता मासा, त्याला कोणतं आमिष, काठी कशी, दोरी कशी, सगळं. शब्द बघा, विनोद. राजाला पोटासाठी मासे धरायची गरज नव्हतीच. आणि आपल्याकडे दुसरी रीतही आहे. महाडजवळ काळ नदीवर वाळण कोंड आहे. तिथले मासे देवीचे, त्यांना कोणी धरत नाही. कुरमुरे टाकले की मोठमोठे मासे पृष्ठभागावर उसळतात. मी तिथे लहानपणी तासभर कुरमुरे टाकत बसलो होतो. पाण्याखालून काहीतरी येतं आणि आपण दिलेलं घेतं, हा आनंद व्हॅन कॅम्पेन्स ब्रुकवरच्या आनंदाहून फार वेगळा नव्हता. गळ नव्हता एवढंच.

म्हणून आई गेल्यावर एक करून पाहिलं. माझी कल्पना नाही. ओरेगनमध्ये ली स्पेन्सर नावाचे गृहस्थ स्टीलहेड माशांसाठी टोक कापलेल्या गळाची माशी वापरत. मी सहा माश्यांची टोकं पकडीने तोडली आणि एक सकाळ तेवढ्यांवर काढली. मासे तसेच आले, तसेच थांबले, तीन-चारांनी तोंड उघडलं, खोटं आहे कळताच थुंकून खाली गेले. सगळं होतं. तरी घरी येताना मन भरलं नव्हतं. काय कमी पडलं ते शोधायला फार वेळ लागला नाही. तो माझ्या हातात आला नव्हता. त्याची धडपड मला काठीतून मनगटात हवी होती, आणि मग 'जा, सोडलं' म्हणायचं होतं. सोडून देण्यात जो मोठेपणा वाटतो, त्यासाठी आधी त्याला धरावं लागतं.

आता डबीत दोन कप्पे आहेत. उन्हाळ्यात पाणी अडुसष्ट फॅरनहाइटच्या वर गेलं की मी जातच नाही, फोटो बंद केलेत, दोरी एक नंबर जाड घेतो. हे सगळं आईला फोनवर सांगितलं. ती सुरमई कापत होती. म्हणाली, "बरा केलंस." मग थोड्या वेळाने विचारलं, "म्हणजे अजून जातस?"

जातो. गेल्या रविवारी तुटक्या टोकांचा कप्पा आधी उघडला होता. दहाच्या सुमाराला दुसरा उघडला.