प्रायश्चित्त कुठवर पोचतं?

तीस वर्षं मी मुलांची बुद्धी मोजली. टेबलावर कामत चाचणीचं साहित्य, समोर आठ-नऊ वर्षांचं मूल, दाराबाहेर त्याची आई. या चाचणीचं मूळ बिने आणि सिमाँ यांच्या १९०५च्या मोजपट्टीत आहे. मागे पडणाऱ्या मुलांना शाळेत मदत मिळावी, एवढाच तिचा हेतू.

मानसशास्त्रज्ञ हेन्री गॉडर्ड यांनी ती मोजपट्टी अमेरिकेत नेली आणि मंदबुद्धी रक्तातूनच उतरते असं सांगत सुटले. १९२७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने व्हर्जिनियातल्या कॅरी बकच्या सक्तीच्या नसबंदीला मान्यता दिली. कारण काय, तर आई, ती आणि तिची तान्ही लेक, तिघीही मंदबुद्धी! ती लेक, व्हिव्हियन, पुढे शाळेत गुणवंतांच्या यादीत आली. आठव्या वर्षी वारली. मला त्या मुलीपासून पुढे जाता येत नाही.

१९२८ मध्ये गॉडर्ड यांनी आपली बरीच मतं जाहीरपणे मागे घेतली. मी त्यांना अप्रामाणिक म्हणणार नाही. पण तोवर कॅरीवर शस्त्रक्रिया झाली होती. प्रायश्चित्ताने करणारा शुद्ध होत असेल. ज्याच्यावर केलं त्याचं काय? कर्म आणि फळ दोन वेगवेगळ्या देहांत गेलं, तर हिशेब कुठे मिटतो?

एका मुलाच्या अहवालावर मी बुद्ध्यांक ६८ लिहिला होता. त्या दिवशी त्याला ताप होता, हे आईने महिन्याने सांगितलं. तोवर त्याची शाळा बदलली होती.