विसाव्याची वाटणी

कुटुंबाच्या नीतीविषयी मराठीत श्रम, कर्तव्य, त्याग आणि सेवा यांचा ऊहापोह पुष्कळ झाला आहे. विश्रांतीचा विचार मात्र कर्तव्ये उरकल्यानंतर उरलेल्या वेळेचा विचार म्हणूनच बहुधा होत आला आहे. वास्तविक भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायात आहार, विहार, कर्म, निद्रा आणि जागृती यांचा उल्लेख एकाच श्लोकात केला आहे आणि या सर्वांत योग्य प्रमाण राखणाऱ्यालाच योग दुःखनाशक ठरतो असे म्हटले आहे. विहार म्हणजे हिंडणे-फिरणे, शरीराला आणि मनाला दिलेली मोकळीक. तो कर्माच्या पंक्तीत बसवलेला असल्यामुळे माणूस कसा रमतो हाही त्याच्या आचरणाचाच भाग ठरतो, आणि म्हणून कुटुंब एकत्र रमते तेव्हा त्या रमण्यातही न्याय किंवा अन्याय असू शकतो. एका दिवसाची जवळपासची सहल आणि घरी सर्वांनी मिळून पाहिलेला मन प्रसन्न करणारा चित्रपट, ही भंडारा जिल्ह्यातील नोकरदार आणि मध्यमवर्गीय कुटुंबांच्या विरंगुळ्याची आज रूढ झालेली दोन रूपे होत. ही दोन्ही रूपे बहुतांशी निरुपद्रवी, स्वस्त आणि प्रेम वाढवणारी आहेत, यात शंका नाही. तरीही त्यांच्याबाबत एक प्रश्न विचारला गेलाच पाहिजे, तो असा की घर विसावते तेव्हा घरातले नेमके कोण विसावते.

साप्ताहिक सुटी हा आज गृहीत धरलेला हक्क महाराष्ट्रात मागून आणि झगडून मिळवावा लागला. जोतीराव फुले यांचे सहकारी आणि ‘दीनबंधू’ पत्राचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना संघटित करून रविवारच्या सुटीची मागणी लावून धरली, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी ती मान्य केली. त्या वर्षी एप्रिलमध्ये भरलेल्या कामगारांच्या मोठ्या सभेत दोन स्त्री-कामगारांनीही भाषणे करून ही मागणी मांडली होती, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. त्या दोघींना सुटी मिळाली ती गिरणीतून. घरी चूल, पाणी आणि मुले होतीच. भंडारा जिल्ह्यात जवाहरनगरची आयुध निर्माणी, वरठीचा पोलाद कारखाना किंवा तुमसर तालुक्यातील चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथील मॅंगनीजच्या खाणी यांतील कामगाराला आज आठवड्याची सुटी आहे. परंतु तो घरी येतो तेव्हा ती सुटी त्याच्याबरोबर उंबरठा ओलांडून स्वयंपाकघरात जात नाही. उलट माणसे दिवसभर घरी असल्यामुळे चहाच्या फेऱ्या वाढतात, एखादा जास्तीचा पदार्थ होतो आणि रविवार हा घरातील बाईचा सर्वांत लांबलेला दिवस ठरतो.

घरकामाचा हा विषम भार केवळ अनुमान नव्हे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये वेळेच्या वापराचे सर्वेक्षण केले. वेळेच्या वापराचे सर्वेक्षण म्हणजे माणूस दिवसाचे चोवीस तास कोणकोणत्या कामांत घालवतो याची नोंद. घरच्या सदस्यांसाठी विनामोबदला घरकाम करणाऱ्यांत स्त्रियांचा वेळ दिवसाला सरासरी २९९ मिनिटे आणि पुरुषांचा ९७ मिनिटे भरला. २०२४ मध्ये हेच सर्वेक्षण पुन्हा झाले तेव्हा स्त्रियांचा वेळ २८९ मिनिटांवर आला खरा, पण पुरुषांचाही ८८ मिनिटांवर उतरला. ही सरासरी जे घरकाम करतात त्यांचीच आहे, आणि पुरुषांपैकी बहुसंख्य या गणतीत येतच नाहीत, हे लक्षात घेतले म्हणजे अंतर आकड्यांत दिसते त्याहून मोठे ठरते.

अॅरिस्टॉटलने कामाचे प्रयोजनच विश्रांती हे आहे असे मानले आणि केवळ करमणूक व खरी मोकळीक यांत भेद केला. करमणूक ही थकव्यावरची मात्रा होय, तर मोकळीक म्हणजे ज्यात माणूस आपल्या उत्तम शक्तींनिशी, कसल्याही गरजेच्या दडपणाविना जगतो असा काळ. हा भेद आजही उपयोगाचा आहे. मात्र त्या विचारवंताच्या अथेन्समध्ये स्वतंत्र नागरिकाची ही मोकळीक गुलामांच्या आणि स्त्रियांच्या कामावर उभी होती, आणि त्याला त्यात वावगे दिसले नाही. कौटुंबिक विरंगुळ्याच्या नीतीचा प्रारंभ या आंधळ्या जागेपासूनच करावा लागतो.

कुटुंबाने एकत्र रमण्याची भंडाऱ्याची स्वतःची जुनी रीत म्हणजे मंडई. दिवाळीनंतर हलके धान निघाले की झाडीपट्टीत, म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या धानाच्या व जंगलाच्या मुलखात, गावोगावी मंडई भरते. प्रत्येक गावाचा दिवस वेगळा असल्यामुळे एका गावच्या लोकांना दुसऱ्या गावी पाहुणे म्हणून जाता येते. सासरी गेलेल्या लेकी, जावई, मामा, आत्या असा सारा गोतावळा जमतो, सोयरिकीच्या गोष्टी निघतात, दिवसा बाजार आणि रात्री दंडार हे लोकनाट्य किंवा नाटक होते. भाऊबीजेपासून होळीपर्यंत चालणाऱ्या झाडीपट्टी रंगभूमीची नाटके रात्री उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत रंगतात आणि प्रेक्षकांत आजीपासून मांडीवरच्या बाळापर्यंत सगळे घर असते. या रंगभूमीवरील कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा राज्याच्या अन्य भागांतील अनेकांना ती प्रथमच ठाऊक झाली.

मंडईचा नैतिक गुण असा की तिच्यात आनंद हा आमंत्रणाशी जोडलेला आहे: ज्याने बोलावले त्याच्याकडे जायचे, आणि आपली मंडई आली की त्याला बोलवायचे. माहेरी आलेल्या लेकीला त्या दोन दिवसांत सासरच्या कामातून सुटका मिळते, आणि रोवणीच्या महिन्यांत चिखलाच्या बांधीत वाकून पऱ्हे, म्हणजे धानाची रोपे, लावलेल्या बाईसाठी ही सुटका किती मोलाची असते हे सांगण्याची गरज नाही. परंतु या परंपरेचे गुणगान करताना दुसरी बाजू झाकता येत नाही. ज्या घरी वीस पाहुणे उतरतात त्या घरच्या सुनेला मंडई म्हणजे पीठ मळणे, वडे तळणे आणि भांड्यांचा ढीग. ती नाटकाच्या मंडपात पोहोचते तेव्हा पहिला अंक संपलेला असतो. लेक विसावते ती दुसऱ्या घरच्या लेकीच्या कष्टांवर, आणि त्या दुसरीला तिचा विसावा तिच्या माहेरच्या मंडईत मिळायचा, असा हा फिरता हिशेब आहे. तो फिरता होता म्हणून सुसह्य होता. न्याय्य होता असे म्हणवत नाही.

मंडईची जागा काही अंशी आता एका दिवसाच्या सहलीने घेतली आहे. भंडाऱ्याहून सकाळी निघून संध्याकाळी परतावे अशी ठिकाणे थोडी नाहीत: रावणवाडीचा जलाशय, कोका अभयारण्य, तुमसरकडे गायमुख आणि चांदपूर, पवनीचा किल्ला आणि तेथील प्राचीन स्तूपांचे अवशेष. वैनगंगेला कन्हान आणि इतर नद्या मिळतात त्या आंभोऱ्याला नव्या केबल-स्टेड पुलामुळे आता गर्दी असते. मुकुंदराजांनी ‘विवेकसिंधु’ हा ग्रंथ येथेच रचला असे काही अभ्यासकांचे मत आहे, हे तेथे जाणाऱ्या मुलांना कोणी सांगितले तर बरे होईल. अशा सहलीत पुष्कळ कुटुंबे अजून पानग्यांचा बेत करतात. कणकेचे जाडसर गोळे थापून पळसाच्या दोन पानांमध्ये ठेवायचे, गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजायचे आणि पानाचा करपलेला थर सोलून वांग्याच्या रश्श्याबरोबर खायचे. या बेताकडे बारकाईने पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. गोवऱ्या रचणे, आच राखणे, पानगे उलटणे आणि रश्श्याला फोडणी देणे ही कामे झाडाखाली बहुतेक वेळा पुरुषच करतात, आणि ती उत्तम करतात. ज्याने घरी गॅस कधी पेटवला नाही तोही येथे धुराने डोळे चोळत तासभर उकिडवा बसतो आणि पहिला पानगा घरच्या बाईच्या ताटात वाढतो. पुरुषाला स्वयंपाक जमत नाही या समजुतीचे इतके उघड खंडन दुसरीकडे सापडणार नाही. जे हात उघड्यावर राबतात ते ओट्यापाशी थबकतात, यामागे अक्षमता नसून बाहेरचा स्वयंपाक हौसेचा आणि घरातला स्वयंपाक बाईचा अशी मनात ठसलेली वाटणी आहे, आणि ती बदलण्यासाठी काही शिकण्याची आवश्यकता नाही.

सहलीच्या आनंदाची किंमत कधी घराबाहेरच्यांनाही मोजावी लागते. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात ३१ डिसेंबर २०२४ रोजी पर्यटकांच्या वाहनांनी एका वाघिणीची आणि तिच्या बछड्यांची वाट दोन्ही बाजूंनी अडवली. त्या प्रसंगाची चित्रफीत पसरली आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. वर्षअखेर मुलाबाळांसह साजरी करायला आलेल्या माणसांना समोरही एक आई आणि तिची पिले आहेत हे उमगू नये, याची खंत वाटते. वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाबद्दलही असेच म्हणावे लागते. २२ एप्रिल १९८८ रोजी पायाभरणी झालेल्या या धरणाच्या पाण्याखाली अनेक गावांची घरे आणि शेते गेली. त्या जलाशयावर सायंकाळी नावेतून फिरण्यात काही गैर नाही; पण आपण ज्यावर तरंगतो आहोत ते एके काळी कोणाचे तरी अंगण होते, हे मुलांना सांगितल्याने सहल उदास होत नाही, ती अधिक खरी होते.

घरी पाहिल्या जाणाऱ्या चित्रपटांकडे वळले म्हणजे हा प्रश्न अधिक जवळून दिसतो. ज्यांना ‘फील-गुड’ म्हणतात अशा चित्रपटांत संकट असते, पण ते माणसांच्या चांगुलपणाने सुटते आणि पाहणारा हलक्या मनाने उठतो. अशा चित्रपटांना पळवाट समजून हिणवणे योग्य नाही. परेश मोकाशी यांच्या ‘एलिझाबेथ एकादशी’ (२०१४) या चित्रपटात पंढरपूरची लहान मुले वडिलांनी बनवलेली सायकल विकली जाऊ नये म्हणून कार्तिकी वारीच्या गर्दीत बांगड्यांचे दुकान मांडतात. गरिबी दाखवूनही कोणाला लाचार न करणारी ही गोष्ट घरातल्या मुलाला पैशाची आणि आत्मसन्मानाची जी समज देते, ती उपदेशाने येणार नाही. हेमंत ढोमे यांच्या ‘झिम्मा’ (२०२१) मध्ये निरनिराळ्या वयांच्या स्त्रिया घर मागे ठेवून इंग्लंडच्या सहलीला जातात, आणि केदार शिंदे यांच्या ‘बाईपण भारी देवा’ (२०२३) मध्ये दुरावलेल्या सहा बहिणी मंगळागौरीच्या स्पर्धेच्या निमित्ताने पुन्हा एकत्र येतात. या दोन्ही चित्रपटांना बायका गटागटांनी चित्रपटगृहात गेल्या, यामागचे कारण उघड आहे: घराबाहेरच्या अंधाऱ्या सभागृहात दोन-अडीच तास त्यांना कोणी हाक मारू शकत नव्हते.

तोच चित्रपट घरी दूरचित्रवाणीवर लागतो तेव्हा काय घडते? नवरा आणि मुले गादीवर, आजी खुर्चीत, आणि बाई ओट्यापाशी. संवाद तिला ऐकू येतात, दृश्य दिसत नाही. हशा पिकला की ती दारापर्यंत येते, काय झाले ते विचारते, कोणी अर्धवट सांगते, तोवर कुकरची शिट्टी होते. पडद्यावर एक स्त्री आयुष्यात प्रथमच स्वतःसाठी वेळ काढते आहे आणि ते पाहून घरचे हेलावले आहेत, पण त्याच क्षणी त्यांच्यासाठी कोण पोळ्या लाटते आहे याकडे त्यांचे लक्ष नाही. भावना हेलावणे आणि आचरण बदलणे यांतले हे अंतर हाच अशा चित्रपटांचा खरा नैतिक धोका आहे, कारण डोळे ओलावल्यावर माणसाला आपण चांगले आहोत असे वाटू लागते आणि पुढचे काही करायचे राहून जाते.

यावर असे म्हटले जाते की घरच्यांना करून घालण्यातच तिला आनंद असतो. हा आक्षेप सरसकट खोटा नाही. प्रेमाने रांधणे हे फार मोठे दान आहे, आणि त्याची टिंगल करणाऱ्यांना कुटुंब कळलेले नाही. पण जे नाकारण्याची मुभा नसते त्याला दान म्हणता येत नाही. एखाद्या रविवारी तिने आज काही करणार नाही असे म्हटले आणि घरात कोणाचा चेहरा पडला नाही, तरच इतर रविवारचे तिचे रांधणे प्रेमाचे होते असे ठरते. तुकडोजी महाराजांनी ग्रामगीतेत महिलोन्नतीला स्वतंत्र अध्याय दिला आणि गावाची उन्नती घरातल्या स्त्रीच्या स्थितीशी जोडली. ग्रामगीता घरात असणारी आणि श्रद्धेने वाचणारी कुटुंबे या जिल्ह्यात पुष्कळ आहेत. त्यांनी तो अध्याय रविवारच्या सायंकाळलाही लावून पाहावा.

असे करणे अवघड नाही, कारण त्यास पैसा लागत नाही. चित्रपट लावण्यापूर्वी सर्वांनी मिळून खिचडी आणि पापड असा साधा बेत उरकावा, भांडी घासून पालथी घालावीत, आणि मग पहिल्या नामावलीपासून सगळ्यांनी एकत्र बसावे. चित्रपट कोणता हे पाळीपाळीने ठरावे. आजीची पाळी असेल तर तिने जुना कृष्णधवल चित्रपट निवडला म्हणून नातवाने मोबाइलमध्ये डोके घालू नये, आणि आईची पाळी असेल तर तिला काय आवडते हे घरातल्या कोणालाच ठाऊक नाही असे आढळल्यास त्याचे वाईट वाटून घ्यावे. मध्येच कोणाला तहान लागली, तर ज्याला लागली त्याने उठून माठातले पाणी घ्यावे, आणि येताना घरातल्या बाईसाठीही एक पेला भरून आणावा.