पिठलं-भाताचं बोलावणं

स्टुटगार्टच्या विमानतळावरून निघालेली यू-६ ट्राम गेर्लिंगेनला येऊन संपते. गाव लहान, वस्ती सुमारे १९ हजार. पण इथल्या शिलरह्योहे टेकडीवर बॉश कंपनीचं मुख्यालय आहे, म्हणून या नावाची नाशिक-पुण्याच्या घरांना चांगली ओळख आहे. नाशिककर ज्या कारखान्याला अजूनही ‘मायको’च म्हणतात, तो याच कंपनीचा. तिथून आणि पुणे-बंगळुरूहून इंजिनिअर दोन-तीन वर्षांसाठी येतात. काही परत जातात, काही इथलेच होतात. गेर्लिंगेन, डिट्झिंगेन, लिओनबर्ग, फॉयरबाख या पट्ट्यात मराठी घरं कमी नाहीत. त्या घरांमध्ये एकमेकांकडे जेवायला जाणं मात्र कमी होत चाललं आहे. त्याचं कारण म्हणून सगळे वेळेकडे बोट दाखवतात. मला वाटतं, खरं कारण आपला मेन्यू आहे.

एका घरी पनीर, छोले, पुलाव, दोन गोड पदार्थ आणि सुरुवातीला चाट झाला, की पुढच्या घरी त्याहून कमी करायचं कसं, हा प्रश्न उभा राहतो. मग शुक्रवारी संध्याकाळी इंडियन स्टोअरची खेप, शनिवारचा अख्खा दिवस ओट्यापाशी, रविवारी भांडी आणि अंगदुखी. इथे कामाला बाई नाही, शेजारून हाक मारून नारळ आणायची सोय नाही. रविवारी दुकानं कायद्यानेच बंद, त्यामुळे विसरलेली कोथिंबीर विसरलेलीच राहते. असा दिवस घालवल्यावर ते जोडपं सहा महिने कुणाला बोलावत नाही. ज्यांना बोलावलं होतं, तेही परतफेडीच्या ओझ्याने टाळत राहतात. म्हणजे पाहुणचार जितका भरघोस, तितक्या भेटी विरळ. हा व्यवहार सगळ्यांच्याच तोट्याचा आहे.

परदेशात हा तोटा जास्त जाणवतो. डिसेंबरात इथे साडेचारच्या सुमाराला सूर्य मावळतो. नवऱ्याच्या किंवा बायकोच्या नोकरीमुळे सोबत आलेला जोडीदार, भाषा अजून जिभेवर बसलेली नाही, दिवसभर घरात एकटा. गणपती, दिवाळी, संक्रांत यांचे कार्यक्रम हॉल घेऊन होतात. शे-दोनशे माणसं भेटतात, फोटो निघतात. ते व्हायलाच हवेत. पण रात्री दोन वाजता मुलाला ताप भरला आणि आपत्कालीन दवाखान्यात न्यायची वेळ आली, तर धाकट्या लेकराला कुणाकडे ठेवायचं? हॉलमध्ये हस्तांदोलन केलेल्या माणसाला त्या वेळी फोन करायला जीव धजत नाही. ज्याच्या स्वयंपाकघरात आपण चारदा पाटावर नाही तरी टेबलाशी बसून आमटी-भात खाल्लेला असतो, त्याला धजतो.

माझ्या ओळखीचं एक जोडपं हे सहज करतं. दोघंही नोकरी करतात. संध्याकाळी साडेसहाला चार-पाच माणसं येणार असतील, तर पाचपर्यंत घरात काही तयारी दिसत नाही. मग तो तांदूळ धुऊन ठेवतो आणि काकडी कोचायला घेतो. ती डाळ लावते. फोडणी देण्याआधी गच्चीचं दार उघडायचं आणि कोटांची खोली बंद करायची, एवढी एकच शिस्त, कारण हिंगाचा वास लोकरीच्या कोटात बसला की आठवडाभर निघत नाही. एकदा पाहुणे आले तेव्हा पानात होतं ते एवढंच: मसुराची आमटी, भात, दाण्याचं कूट घातलेली कोशिंबीर, घरचं लोणचं, आणि इथल्या क्वार्क नावाच्या मऊ चीजचं श्रीखंड. क्वार्क मुळातच घट्ट असतो. साखर आणि वेलदोडा घालून घोटला की चक्क्याची आठवण फारशी उरत नाही.

त्या दिवशी एक जर्मन सहकारीही होता, जन्माने श्वाबियन, म्हणजे याच भागातला. आमटी पाहून तो आजीबद्दल बोलायला लागला. मसूर आणि श्पेट्सले नावाच्या शेवया हे या प्रांताचं घरगुती जेवण. त्यावर प्रत्येक जण आपल्या ताटात व्हिनेगर ओतून घेतो. आमटीतलं आमसूल चाखून त्याने लगेच ओळखलं, की डाळीला आंबट लागतं हे आपल्यालाही कळलेलं आहे. मग त्यानेच श्वाबियन आल्ब डोंगरपट्टीतल्या मसुराची हकीकत सांगितली. तिथली मसुराची शेती मागे पडली, जुनं वाण हरवलं, आणि २००६ साली ते रशियात, सेंट पीटर्सबर्गच्या वाविलोव्ह संस्थेच्या बियाणे-संग्रहात सापडलं. आज ते पुन्हा पिकतं आणि दुकानात मिळतं. पनीर-पुलावाच्या दहा भांड्यांत ही गोष्ट निघालीच नसती. साध्या जेवणात बोलायला जागा राहते, कारण वाढणारा सतत उठत नाही आणि खाणाऱ्याला प्रत्येक पदार्थाचं वेगळं कौतुक करावं लागत नाही.

या भूमीला साधेपणा परका नाही. इथले द्राक्ष-बागायतदार वर्षातले काही महिने दारावर झाडू टांगून आपल्याच घरात किंवा कोठारात लोकांना बसवतात. अशा जागेला बेझनविर्टशाफ्ट म्हणतात. नियम असा चालत आलेला, की वर्षात चार महिन्यांहून जास्त नाही, चाळीसहून जास्त जागा नाहीत, वाइन स्वतःची, आणि खाणं साधंच. लोक तिथे आवर्जून जातात, अनोळखी माणसांशेजारी खांद्याला खांदा लावून बसतात. जेवण साधं म्हणून कुणी यजमानाला कमी लेखल्याचं मी पाहिलेलं नाही.

आपल्याकडचा एक आक्षेप मी गंभीरपणे घेतो. आदरातिथ्याची थोरवी पुरुषांनी गायची आणि चुलीपाशी बाईने खपायचं, हा आपला जुना इतिहास आहे. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वाचताना त्यांचे पती रेव्हरंड टिळक यांचं उदार मन दिसतं, तसा त्या औदार्याचा संसारावर पडणारा भारही दिसतो. तेव्हा ‘लोकांना बोलवा’ असं सांगणाऱ्याने स्वयंपाक कोण करणार हेही सांगितलं पाहिजे. दोघांनी करायचा. नवऱ्याने फक्त बाटल्या उघडायच्या आणि पाहुण्यांशी गप्पा मारायच्या, तर पिठलं-भातसुद्धा अन्यायच आहे. पदार्थ मोजके असले तर ज्याला स्वयंपाक येत नाही तोही त्यातले दोन शिकू शकतो. कमलाबाई ओगल्यांचं १९७० सालचं ‘रुचिरा’ कित्येकांच्या बॅगेतून परदेशी गेलं, ते वाटी-चमच्याचं माप सांगतं म्हणून. त्यातली आमटी नवऱ्यालाही जमते.

दुसरा मार्ग सुचवला जातो, तो प्रत्येकाने एक पदार्थ आणायचा. मोठ्या मेळाव्याला तो योग्यच. पण घरच्या पंगतीला मला तो अपुरा वाटतो. त्यात कुणी कुणाचं अन्न खाल्लं असं होत नाही. प्रत्येक जण आपलाच डबा दुसऱ्याच्या घरी नेतो. पुण्यात गरीब विद्यार्थी वार लावून जेवत, तेव्हा त्या घरांनी त्यांच्यासाठी वेगळं काही रांधलं नव्हतं. घरात जे शिजलं त्यातलं एक पान जास्त मांडलं जाई. त्या व्यवस्थेत जातीची बंधनं होती, उपकाराची भावना होती, तिचं गुणगान मी करणार नाही. पण घरात शिजतं तेच पाहुण्याला वाढायचं, एवढा तिचा भाग आज उचलण्यासारखा आहे.

तेव्हा नव्याने आलेलं एखादं जोडपं ऑफिसात किंवा ट्रामच्या थांब्यावर भेटलं, तर ‘एकदा या’ म्हणून सोडून देऊ नका. वार सांगा, वेळ सांगा, आणि पिठलं-भात आहे हेही आधीच सांगून टाका. त्यांना पुढे तुम्हाला पिठलं-भातालाच बोलावता येईल.