कूलंट आणि सद्गुण

चांगुलपणा एकदा भरला की जन्मभर पुरतो का? तत्त्वज्ञ काय म्हणतात ते त्यांचं त्यांना ठाऊक. आम्ही पडलो बी.कॉम. पण डिझेल ट्रकचा रेडिएटर या बाबतीत मोठा स्पष्टवक्ता आहे. त्यात साधारण ५० टक्के शुद्ध पाणी, ५० टक्के ग्लायकॉल आणि थोडी गंज रोखणारी द्रव्यं. ग्लायकॉल टिकतं, हिरवा रंगही टिकतो. गंज रोखणारी द्रव्यं मात्र गुपचूप खर्च होतात, आणि सिलिंडरच्या लायनरला बाहेरून बारीक खड्डे पडू लागतात. म्हणजे पासबुकाचं कव्हर कोरं करकरीत, शिल्लक शून्य! कित्येकांची सज्जनता अशीच पहिल्या भरणीवर चाललेली असते.

बरं, बदललं म्हणजे पुण्य लागलं असंही नाही. जुनं कूलंट गटारात ओतलं, तर गोड लागतं म्हणून एखादं कुत्रं ते चाटतं आणि मूत्रपिंडं निकामी होऊन मरतं. ते बघायला आपण तिथे नसतो. घाटात आपलं इंजिन तापू नये एवढी नीती कुणीही पाळतो. ते कूलंट डब्यात भरून नीट मार्गी लावण्याची तसदी घेतो तो खरा सज्जन. त्याच्या खात्यावर हे कोण जमा करणार, ते मात्र विचारू नका. ते काउंटर आमच्याकडे नाही.