अभिजाताचे वाटेकरी

मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हापासूनची बहुतेक चर्चा भाषेच्या प्राचीनत्वाच्या पुराव्यांभोवती फिरत राहिली. नाणेघाटातील सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा ब्राह्मी लेख आणि सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेली ‘गाथासप्तशती’ यांचे दाखले पुन्हा पुन्हा दिले गेले. जुना ग्रंथ एका वाचकाकडून दुसऱ्याकडे कसा जातो, आणि तो जायचा थांबला तर त्याच्या अभिजातपणाला काय अर्थ उरतो, हा प्रश्न मात्र मागेच राहिला. वास्तविक ‘गाथासप्तशती’ हे अशाच देवघेवीचे फळ आहे. माहाराष्ट्री प्राकृतातील, म्हणजे मराठीच्या पूर्वज भाषेतील, अगणित गाथांमधून सातशे निवडून हालाने त्या एकत्र केल्या, असे त्या संग्रहातच सांगितलेले आहे. राजाने येथे कवीपेक्षाही रसिक वाचकाचे काम केले आणि स्वतःला भावलेले इतरांपुढे ठेवले. नाणेघाटाची कोकणातून जाणारी चढण मुरबाड तालुक्यात सुरू होते, आणि याच मुरबाडमध्ये व शेजारच्या शहापूर तालुक्यात, थेट कसाऱ्याच्या घाटापर्यंतच्या गावांतून, ग्रंथ वाटून घेण्याची एक रीत चालत आलेली आहे. वाचनसंस्कृतीवरील लेखनात तिची दखल फारशी घेतली जात नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

ही रीत म्हणजे ‘पोथी लावणे’. आवणी, म्हणजे भाताच्या रोपांची लावणी, उरकून श्रावण लागला की रात्रीची जेवणे झाल्यावर देवळात किंवा एखाद्याच्या ओटीवर ग्रंथ उघडला जातो, आणि तो पुष्कळदा श्रीधरस्वामी नाझरेकरांचा (१६५८–१७२९) असतो. ‘हरिविजया’चे अध्याय ३६, तेव्हा रोज एक अध्याय धरला तर महिना-सव्वा महिना सहज जातो; ६४ अध्यायांचा ‘पांडवप्रताप’ घेतला तर वाचन भाद्रपद ओलांडते. वाचक एक-दोन ओव्या चालीवर म्हणून थांबतो, शेजारी बसलेला अर्थ सांगणारा त्या गावच्या बोलीत उलगडतो, आणि मगच वाचक पुढे सरकतो. अर्थ सांगणाऱ्याची खरी कसोटी श्रोत्यांपुढे लागते, कारण त्यांच्यातील अनेकांनी तोच अध्याय पूर्वी कितीदा तरी ऐकलेला असतो, आणि कथेतला एखादा दुवा निसटला तर मागे बसलेली जुनी माणसे त्याला तिथल्या तिथे टोकतात. द्यूताच्या अध्यायावर धर्मराजाचे चुकले की नाही, याबद्दल अक्षरओळख नसलेल्या श्रोत्याचेही ठाम मत असते, आणि ते दुसऱ्या दिवशी बांधावर बोलून दाखवले जाते. वाङ्मयेतिहासकार श्रीधराला ज्ञानेश्वर-एकनाथांच्या पंक्तीला बसवत नाहीत, आणि काव्यगुणांपुरते ते बरोबरही असेल. परंतु महाभारतासारखी अवाढव्य कथा ज्यांनी पुस्तक म्हणून कधी हाती घेतली नसती, अशा लाखोंच्या तोंडी ती बसवण्याचे श्रेय त्यालाच द्यावे लागते.

या रीतीचे बळ नेमके कशात आहे, हे पाहण्यासारखे आहे. ग्रंथालयाची चळवळ या भागाला नवी नाही. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ मध्ये आणि ठाण्याचे मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ मध्ये स्थापन झाले, आणि राज्याच्या १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाने पुढे खेड्यांतील ग्रंथालयांनाही अनुदानाचा आधार दिला. हे कार्य मोठेच आहे, परंतु ग्रंथालय पुस्तक एकेकाच्या हाती देते आणि तेथे त्याचे काम बहुधा संपते. अभिजात ग्रंथाची अडचण अशी की त्याची भाषा जुनी, संदर्भ दूरचे आणि विस्तार मोठा असतो, म्हणून एकट्याने घरी नेलेला असा ग्रंथ बऱ्याचदा चार पाने चाळून परत येतो. पोथीच्या बैठकीत तीच अडचण वाटून घेतली जाते: अवघड शब्दाचा भार अर्थ सांगणाऱ्यावर जातो, विस्ताराचा भार महिन्यावर पसरतो, आणि सारे गाव एकाच वेळी एकाच अध्यायात असल्याने बोलायला सोबती आपोआप मिळतात. कसाऱ्याहून मुंबईकडे जाणाऱ्या लोकलमध्ये टाळांच्या साथीने भजन करणारी मंडळे तुकोबांचे अभंग रोज गातात, तीही याच सामूहिकतेची शहराकडे निघालेली शाखा म्हणता येईल.

या परंपरेवर एक आक्षेप मात्र खराच आहे. जेथे ग्रंथ पूजेचा विषय होतो तेथे तो वाचण्याचा विषय राहीलच, याची खात्री नसते. अखंड हरिनाम सप्ताहातील पारायणात, म्हणजे ग्रंथाच्या नेमाने केलेल्या संपूर्ण पठणात, ‘ज्ञानेश्वरी’च्या सुमारे नऊ हजार ओव्या सात दिवसांत संपवायच्या असतात; व्यासपीठचालक ओव्या सांगत जातो, समोरचे शेकडो वाचक त्याच्यामागून म्हणत जातात, आणि एखाद्या रूपकापाशी थांबायला वेळच उरत नाही. परंतु याचा दोष श्रद्धेला देणे योग्य होणार नाही. ‘ज्ञानेश्वरी’च्या निरनिराळ्या प्रती ताडून, त्यांत शिरलेले अपपाठ काढून, शके १५०६ म्हणजे १५८४ मध्ये तिची शुद्ध प्रत सिद्ध करणारे एकनाथ हे निःसंशय भक्त होते, आणि त्यांचे ते काम कोणत्याही आधुनिक पाठचिकित्सकाला आदर्श वाटावे असे आहे. आदर आणि चौकस बुद्धी एका माणसात नांदू शकतात, तर त्या एका बैठकीतही नांदू शकतील.

म्हणूनच या बैठकीत आणखी काही ग्रंथांना जागा मिळायला हवी. गोदावरी परुळेकरांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे १९७० साली प्रकाशित झालेले आणि १९७२ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेले पुस्तक जुन्या ठाणे जिल्ह्यातील वारल्यांनी वेठीविरुद्ध, म्हणजे मोबदल्याविना राबवून घेण्याविरुद्ध, दिलेल्या लढ्याची हकिगत सांगते. ज्यांच्या पूर्वजांनी असे जिणे काढले त्यांच्यापर्यंत ते उतारा म्हणून परीक्षेपुरते जावे आणि आवाजात, अर्थासह, प्रश्नांसह कधीच जाऊ नये, हे योग्य नव्हे. तेथे अर्थ सांगणारा बाहेरून आणावा लागणार नाही; वेठीच्या आठवणी ज्यांच्या घरात सांगितल्या जातात तेच त्या पुस्तकाचे उत्तम भाष्यकार ठरतील. उलट ठाकर, कातकरी, महादेव कोळी यांची गाणी आणि कथा कोणत्याही पोथीत नाहीत, पण पिढ्यान्‌पिढ्या तोंडपाठ राखलेल्या आहेत. वाटून घेणे दोन्ही बाजूंनी व्हायचे असेल तर त्याच ओटीवर त्यांनाही मान मिळाला पाहिजे, आणि ऐकणाऱ्याच्या जागी तेव्हा पोथीवाल्यांनी बसले पाहिजे.

त्यासाठी नवी योजना लागत नाही. शहापूर-मुरबाडमधील ग्रामीण ग्रंथालयांनी, आश्रमशाळांतील शिक्षकांनी आणि गावोगावच्या भजनी मंडळांनी येत्या श्रावणात पोथी संपल्यावर अर्धा तास राखून ठेवावा, एक पुस्तक ठरवावे, एकाने वाचावे, दुसऱ्याने अर्थ सांगावा आणि टोकण्याचा हक्क सर्वांना द्यावा.