वाचलेले श्रम कोणाचे?

वेळापुराकडून सोलापुरास कामासाठी गेलेल्या जुन्या कामगारास आता कारखान्यात पुन्हा शिष्य व्हावे लागते. ‘लीन’ पद्धतीचे शिक्षण त्यास दिले जाते. वाया जाणारी हालचाल, विनाकारण साठविलेला माल, पुढचे काम येईतो खोळंबणे, हे सर्व त्याने हुडकून काढावयाचे. लघुउद्योगांस अशा मार्गदर्शनासाठी लागणाऱ्या खर्चाचा ९० टक्के भार केंद्र सरकारने २०२३ च्या योजनेत आपल्याकडे घेतला. विद्या चांगलीच आहे. नासधुशीचा कैवार कोण घेईल? परंतु वीस वर्षे मागापाशी उभा राहिलेला मनुष्य जे जाणतो, ते त्याने खुशीने सांगावे आणि त्या बचतीपायी त्याच्याच शेजाऱ्याची जागा जावी, हे न्याय्य आहे काय?

मुंबईच्या गिरणी कामगारांपुढे हा प्रश्न १९२८ साली उभा राहिला. दोनांऐवजी तीन माग सांभाळण्याची योजना हे त्यांच्या संपाचे एक मोठे कारण होते. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत तो चालला. तिघांचे सहा माग दोघांनी चालविले, तर तिसऱ्याने कोठे जावे? हे त्रैराशिक त्यांस कोणी शिकवावे लागले नाही.

गंमत अशी की, या जपानी पद्धतीचे मूळही मागातच आहे. साकिची टोयोडा यांचा माग धागा तुटताच आपोआप थांबे. पुढे त्यांच्या घराण्याच्या मोटार कारखान्यात दोष दिसताच काम थांबविण्याची दोरी साध्या कामगाराच्या हाती आली. (आमच्याकडे भिंतीवरची पाटी आधी येते, दोरीचे नाव निघत नाही.) त्याच कारखान्यात १९५० साली नोकरकपातीवरून मोठा तंटा झाला, अध्यक्ष किइचिरो टोयोडा यांस पद सोडावे लागले, आणि मागे राहिलेल्यांस नोकरीची शाश्वती मिळाली. शिकविताना नेमका हाच भाग गळतो.

मालक म्हणतील, धंदाच बसला तर शाश्वती कसली? खरे आहे. सोलापूरची जुनी गिरणी १९४९ साली बंद पडली, तेव्हा कोणतेही वचन टिकले नसते. परंतु मंदीने जागा जाणे वेगळे, आणि कामगाराच्याच सूचनेने जाणे वेगळे. पहिल्याची हमी कोणी देऊ शकत नाही. दुसऱ्याची देता येते, व ती शिक्षणापूर्वी लेखी द्यावी असे आम्हांस वाटते. ती पहिल्याच दिवशी मागणाऱ्या कामगारास अडेलतट्टू म्हणण्याचे कारण नाही.