मनाचे आरोग्य, सब्र आणि आपली जबाबदारी

वाचकहो, घरात कोणाला ताप आला तर आपण डॉक्टरकडे धाव घेतो, शेजारीपाजारी भेटून जातात. आजाऱ्याची विचारपूस करणे ही सुन्नत आहे, हे आपल्या मुलांनाही ठाऊक असते. पण ज्याचे मन आजारी आहे, त्याच्या वाट्याला ही विचारपूस येते का? आपल्या परभणी जिल्ह्यात, जिंतूरपासून गंगाखेडपर्यंत, ‘माझे मन आजारी आहे’ असे म्हणणारा माणूस क्वचितच भेटेल. जीव घाबरतो, डोके जड झाले आहे, कशात मन लागत नाही, असे लोक म्हणतात. त्यावर मिळणारी उत्तरे ठरलेली असतात. नजर लागली असेल. नमाजमध्ये कसूर होत असेल. ईमान कमजोर झाले असेल. यातले शेवटचे उत्तर सर्वांत जड आहे, कारण ते दुःखी माणसाच्या डोक्यावर अपराधाचेही ओझे ठेवते. खचलेले मन हे खरोखरच कमजोर ईमानाचे लक्षण आहे काय?

उपचारक काय पाहतात?

रोग नसणे एवढ्यानेच आरोग्य सिद्ध होत नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने १९४८ साली अमलात आलेल्या आपल्या घटनेतच नमूद केले आहे. १९५८ मध्ये मेरी याहोदा या विदुषीने निरोगी मनाच्या काही खुणा मांडल्या. स्वतःकडे नीट पाहता येणे, वास्तव आहे तसे दिसणे, आपला निर्णय आपण घेता येणे, परिस्थितीला तोंड देता येणे, या त्यांतल्या काही होत. पुढे कोरी कीज या अभ्यासकाने दाखवून दिले की, मानसिक आजार आणि मानसिक आरोग्य ही एकाच पट्टीची दोन टोके नाहीत. आजाराचे निदान झालेला माणूसही औषध घेत अर्थपूर्ण जीवन जगू शकतो आणि कोणताही आजार नसलेला माणूस आतून कोमेजलेला असू शकतो.

सदैव आनंदी राहणे ही अट यात कोठेही नाही. जाणता समुपदेशक विचारतो ते साधे असते. झोप लागते का? जेवण जाते का? कामाला हात लागतो का? मनातले सांगायला कोणी आहे का? उद्याचा विचार मनात येतो का? दुःख तसेच असूनही या गोष्टी हळूहळू परतू लागल्या, तर मन सावरते आहे असे तो समजतो.

ईमान आणि अश्रू

आता पवित्र कुरआनकडे वळू. हजरत याकूब (अ.) यांनी पुत्रवियोगात इतके अश्रू ढाळले की त्यांची दृष्टी गेली, असे सूरह यूसुफमध्ये आले आहे. ते प्रेषित होते आणि त्यांनी अल्लाहच्या कृपेची आशा क्षणभरही सोडली नाही. तीव्र शोक आणि दृढ ईमान एकाच हृदयात नांदू शकतात, याहून मोठा पुरावा कोणता हवा?

सूरह मरयममधील प्रसंग तर अधिकच विचार करायला लावणारा आहे. प्रसूतीच्या वेदनांत, एकटेपणात आणि लोकनिंदेच्या धास्तीत हजरत मरयम (अ.) यांना वाटले की, आपण याआधीच मरून गेलो असतो तर बरे झाले असते. या उद्गारावर त्यांना दोष दिला गेला नाही. आधी दिलासा मिळाला, मग पाणी मिळाले, खजूर मिळाले आणि लोकांना उत्तर देत बसण्याच्या त्रासातूनही त्यांची सुटका झाली. खचलेल्या माणसाशी कसे वागावे, हे यातून शिकण्यासारखे आहे. उपदेशाची वेळ नंतर येते.

इतिहासातही दाखला आहे. १०९५ साली बगदादच्या विख्यात मदरशात शिकवणाऱ्या इमाम गझाली यांची वाचाच बंद झाली. अन्न गिळवेना. हा विकार मनातून आलेला आहे, असे हकिमांनी सांगितले. ही हकीकत स्वतः इमामांनीच लिहून ठेवली आहे. अशा विद्वानाला ‘ईमान कमजोर झाले’ असे आपण म्हणणार काय? त्यांच्याही आधी, नवव्या-दहाव्या शतकात, अबू झैद अल-बल्खी यांनी शरीर आणि मन या दोहोंच्या आरोग्यावर एकच ग्रंथ लिहिला. अचानक दुखण्यासाठी घरात औषध ठेवावे तसे शांततेच्या काळात चांगले विचार मनात साठवून ठेवावेत, असे त्यांनी त्यात सुचवले आहे.

सब्र कशाला म्हणावे?

येथे एक शंका रास्त आहे. परिस्थितीला तोंड देणे म्हणजे मनाचे आरोग्य असेल, तर अन्याय मुकाट्याने सोसणाराच सर्वांत निरोगी ठरेल काय? पावसाने दगा दिला, सोयाबीन हाती लागले नाही, सावकार दारात उभा आहे. अशा शेतकऱ्याला ‘सकारात्मक राहा’ म्हणणे हा उपचार नव्हे, ती त्याची थट्टा आहे. शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या १४ जिल्ह्यांत महाराष्ट्र शासनाने २०१५ साली ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला. परभणी त्यांपैकी एक आहे. या प्रकल्पात आशा कार्यकर्ती शेतकऱ्याच्या घरी जाऊन खचलेल्या माणसाचा शोध घेते आणि त्याला समुपदेशनापर्यंत पोहोचवते. हे काम मोलाचे आहे. पण समुपदेशनाने कर्ज फिटत नाही.

प्रेषित मुहम्मद (स.) यांची एक दुआ हजरत अनस (रजि.) यांनी सांगितली आहे. तीत चिंता आणि दुःख यांपासून आश्रय मागितला आहे आणि त्याच दुआत कर्जाचा बोजा व माणसांची दडपशाही यांपासूनही. किती नेमकी ही जोड आहे! मनाची व्यथा आणि तिच्यामागचे जगातले कारण यांना प्रेषितांनी (स.) वेगळे केले नाही. तेव्हा सब्र म्हणजे निमूटपणे सोसणे नव्हे. आशा न सोडता, मर्यादा न ओलांडता उपाय करीत राहणे म्हणजे सब्र. उपचार घ्या, हीदेखील त्यांचीच आज्ञा आहे.

समुपदेशक आणि धर्म यांच्या प्रश्नांत मात्र फरक आहे आणि तो झाकण्याचे कारण नाही. समुपदेशक विचारतो, तुला कसे जगायचे आहे? धर्म विचारतो, अल्लाहने दिलेल्या या अमानतीचे तू काय करणार आहेस? पहिल्या प्रश्नाने दुसऱ्याचे उत्तर मिळत नाही. पण ज्याला रात्रभर झोप नाही, त्याला दुसरा प्रश्न ऐकण्याचे बळ तरी कोठून येणार? उपचार ते बळ परत देतो. नमाज आणि अल्लाहचे स्मरण यांनी हृदयाला शांती लाभते, ही आपली श्रद्धा आहे. मधुमेहाचा रोगी नमाजही पढतो आणि गोळीही घेतो. मनाच्या आजाराला वेगळा न्याय का?

आपण काय करावे?

आत्महत्या इस्लाममध्ये निषिद्ध आहे आणि ही मर्यादा अनेकांना अखेरच्या क्षणी सावरते. पण जो त्या टोकाला जाऊन परतला आहे, त्याला घालूनपाडून बोलण्याचा अधिकार आपल्याला या निषेधातून मिळत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही अशी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले आहे आणि तिची काळजी घेण्याचे कर्तव्य शासनावर टाकले आहे. कायदा इतकी दया दाखवतो, तर दयेचा संदेश सांगणाऱ्या आपल्या घरांनी मागे राहू नये.

म्हणून वाचकहो, घरातले कोणी आठवड्यांमागून आठवडे गप्प राहू लागले, जेवण टाळू लागले, जगणे नकोसे झाले असे बोलू लागले, तर आधी जवळ बसा आणि ऐका. त्याला एकटे सोडू नका. जिल्हा रुग्णालयात न्या, किंवा ‘टेलिमानस’च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर कधीही फोन करा. मशिदीच्या इमाम साहेबांनी जुमाच्या खुत्ब्यात हा विषय एकदा जरी काढला, तरी कित्येक घरांतले मौन सुटेल. आणि त्या घरावर कर्ज असेल तर ते फेडण्यास हातभार लावा. जकातीच्या हक्कदारांत कुरआनने कर्जात बुडालेल्यांचा स्पष्ट उल्लेख केला आहे. एखाद्या घरासाठी तोच खरा उपचार असेल.

अल्लाह आपल्या मनांना आरोग्य देवो, आणि दुसऱ्याचे मन जपण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.